दुसऱ्याचा कॉम्प्युटर? बरं, मग पुढे?

परवा सकाळी काकांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला, दुपारपर्यंत तोच सोसायटीच्या ग्रुपवर आला, संध्याकाळी शाळेच्या, म्हणजे तुमच्याकडेही आलाच असणार. मजकूर थोडक्यात असा, की क्लाउड बिउड काही नसतं, तो फक्त दुसऱ्याचा कॉम्प्युटर असतो. तुमचे फोटो, कागदपत्रं सॅटेलाइटवरून थेट अमेरिकेत जातात, तिथे कंपनीची माणसं ते उघडून बघतात, वर ह्या सगळ्याचं तुम्हीच भाडं भरता. त्यापेक्षा एक चांगली हार्डडिस्क आणा, कपाटात ठेवा आणि निवांत झोपा.

मी सांगलीत दुकानदार, डॉक्टर, सीए अशा लोकांची कॉम्प्युटरची कामं बघतो, सर्व्हर बसवणं, बॅकअप लावणं, रात्री अकराला ‘टॅली उघडंना’ म्हणून आलेला फोन उचलणं. क्लाउड विकून मला काही कमिशन मिळत नाही, उलट हार्डडिस्क विकली तर चार पैसे सुटतात. तरी सांगतो, ह्या मेसेजमधलं पहिलं वाक्य बऱ्यापैकी खरं आहे, गडबड आहे ती त्यावरून पुढे जे काढलंय त्यात.

तर पहिलं, दुसऱ्याचा कॉम्प्युटर. हे वाक्य व्हॉट्सॲपवाल्यांचं नाहीच, युरोपातल्या फ्री सॉफ्टवेअरवाल्या मंडळींनी ते स्टिकरवर छापून वाटलं, लोकांनी लॅपटॉपला चिकटवलं. त्यांचा रोख होता की बाबांनो, तुमचा डेटा कोणाच्या हातात देताय ते नीट बघा. एकदम रास्त. पण आपल्याकडे येईतो त्याचा अर्थ झाला ‘क्लाउड म्हणजे फसवणूक’. आता मंगल कार्यालय पण दुसऱ्याचंच असतं की! पाचशे पान उठणार म्हणून कोणी पाचशे ताटं, वीस पातेली आणि एक हॉल विकत घेऊन ठेवतं का? दोन दिवसांसाठी घेतो, पैसे देतो, परत करतो. ॲमेझॉनने 2006 मध्ये नेमकं हे सुरू केलं, मार्चमध्ये फाइली ठेवायची जागा, जिला एस-थ्री म्हणतात, आणि ऑगस्टमध्ये भाड्याचे सर्व्हर, तासाला 10 सेंट. पुस्तकं विकणाऱ्या कंपनीने कॉम्प्युटर तासावर भाड्याने द्यायचे हे तेव्हा लोकांना विचित्रच वाटलं असणार.

ह्याचा उपयोग काय ते बघायचं तर दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास पोरं, वेळ दुपारी एकची, आणि एक वाजला की पोरं, आईबाप, मामा, क्लासचे सर, सगळे एकदम सीट नंबर आणि आईचं नाव टाकायला बसणार. साइट गरगर फिरते, मामा म्हणतो माझ्याकडे उघडतंय, त्याच्याकडेही उघडत नसतं. अशी झुंबड फक्त दोन-तीन तास, बाकी वर्षभर तिथे कुत्रं फिरकत नाही. आता ह्या दोन-तीन तासांसाठी पन्नास सर्व्हर विकत घेतले तर ते वर्षभर धूळ खात पडणार, नाही घेतले तर साइट बसणार. भाड्याचे असतील तर सकाळी वाढवायचे, रात्री परत द्यायचे, झाला विषय. कॉम्प्युटर दुसऱ्याचा आहे म्हणूनच हे जमतं, स्वतःचा असता तर जमलं नसतं.

आणि ‘कॉम्प्युटर’ हे एकवचन पण फसवं आहे. डेटा सेंटर म्हणजे हे भाड्याचे सर्व्हर ठेवलेली इमारत, तिथल्या एका मोठ्या मशीनचे सॉफ्टवेअरने तुकडे पाडतात, प्रत्येक तुकडा स्वतःला स्वतंत्र कॉम्प्युटर समजतो, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एका मशीनवर दहा-वीस गिऱ्हाइकं सुखाने नांदत असतात आणि शेजारी कोण राहतं ते कोणालाच कळत नाही. उलट बाजूने, एस-थ्रीच्या नेहमीच्या प्रकारात टाकलेली तुमची एक फाइल कमीत कमी तीन वेगवेगळ्या जागी विभागून असते, जागा म्हणजे एकाच खोलीतली तीन कपाटं नव्हे, वीज आणि नेटवर्क वेगळं असलेली तीन केंद्रं. एक बंद पडलं तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. हे घरी करून बघा.

नवीन माणसाला आणखी एक गोंधळ असतो, जीमेल पण क्लाउड आणि कंपनीचा भाड्याचा सर्व्हर पण क्लाउड, मग दोन्ही एकच का? परत कार्यालयावर या. नुसता हॉल घेतलात तर आचारी, भांडी, वाढपी सगळं तुमचं, आमटी खारट झाली तर बोलणी तुम्ही खायची. म्हणजे भाड्याचा सर्व्हर, त्यावरची विंडोज किंवा लिनक्स, अपडेट, पासवर्ड सगळी तुमची डोकेदुखी. दुसरा प्रकार, शेगडी-भांडी-वाढपी कार्यालयाचे, तुम्ही फक्त आचारी आणि सामान आणा, तिथे प्रोग्रामर आपला प्रोग्राम आणून टाकतो आणि खालचं कोणीतरी सांभाळतं. तिसरा म्हणजे ताटावर ठरवलेलं, तुम्ही फक्त पाहुणे आणा, ते जीमेल. ह्या तिसऱ्याला आमच्या धंद्यात ‘सास’ म्हणतात, हिंदी सिरीयलवाली नाही. कुठल्या प्रकारात जबाबदारी कोणाची हे आधी विचारायचं, अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

सॅटेलाइटचं एका दमात उरकतो. देशाबाहेर जाणारा जवळजवळ सगळा डेटा समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून जातो, मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्याला अशा कितीतरी केबल जमिनीवर येतात. जानेवारी 2008 मध्ये इजिप्तजवळ, अलेक्झांड्रियाच्या समुद्रात दोन केबल तुटल्या तेव्हा आपल्याकडचं इंटरनेट रखडलं होतं. 2012 मध्ये अमेरिकेत सिट्रिक्स कंपनीने एक पाहणी करून घेतली होती, त्यात निम्म्याहून जास्त लोकांना वाटत होतं की वादळी हवामानाने क्लाउड बिघडतो, त्यामुळे काका, तुम्ही एकटे नाही आहात.

आता अमेरिका. मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये आपली भारतातली पहिली क्लाउड केंद्रं काढली ती पुणे, मुंबई आणि चेन्नईत. ॲमेझॉन मुंबईत 2016 ला, गूगल 2017 ला. सर्व्हर भाड्याने घेताना स्क्रीनवर यादी येते, त्यातून ‘मुंबई’ निवडायचं, डेटा मुंबईत राहतो. पेमेंटच्या डेटाबद्दल तर रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये सांगूनच टाकलं की तो भारतातच साठवायचा. सरकारचा स्वतःचा पण क्लाउड आहे, नाव एकदम झकास, मेघराज.

पण इथे मेसेजवाल्याला थोडे मार्क द्यावे लागतील. फुकटच्या जीमेलला ही यादी मिळत नाही, ते कुठे ठेवायचं ते गूगल ठरवतं. आणि अमेरिकेत 2018 मध्ये एक कायदा झाला, योगायोग बघा, त्याचं नावच क्लाउड ॲक्ट, त्यानुसार तिथलं कोर्ट अमेरिकन कंपनीकडे डेटा मागू शकतं, मग सर्व्हर मुंबईत असो नाहीतर मंगळावर. तेव्हा ‘डेटा अमेरिकेत जातो’ हे सरसकट चूक, पण ‘अमेरिकेचा हात पोचतो’ असं लिहिलं असतं तर मी गप्प बसलो असतो.

कंपनीची माणसं फोटो उघडून बघतात ह्याबद्दल. अब्जावधी फोटो रोज चढतात, बघायला बसणार कोण? पण मशीन बघतं हे खरं आहे. जीमेलमधला मजकूर वाचून त्यावर जाहिराती दाखवायचं गूगल करत होतं, ते बंद करतोय असं त्यांनी 2017 मध्ये जाहीर केलं, म्हणजे तोवर चालू होतं. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे फोटो शोधायला मशीन अजूनही तपासतं, आणि 2022 मध्ये अमेरिकेतल्या एका बापाची बातमी आली होती, त्याने आजारी मुलाचा फोटो डॉक्टरला दाखवायला काढला आणि त्याचं गूगल अकाउंटच बंद झालं. ही भीती खरी आहे. खरा प्रश्न विचारायचा तो हा, की कुलूप आहेच, पण किल्ली कोणाकडे? बहुतेक ठिकाणी डेटा कुलपातच असतो पण किल्ली कंपनीकडे असते. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला 2021 पासून किल्ली स्वतःकडे ठेवायची सोय आहे, एक पासवर्ड नाहीतर 64 आकडी किल्ली. मात्र ती हरवली की संपलं, कंपनी पण उघडून देऊ शकत नाही. किती जणांनी ते चालू केलंय? माझ्या गिऱ्हाइकांत दोघांनी.

मग येतं सगळ्यात लाडकं, हार्डडिस्क आणा आणि निवांत झोपा.

आमच्या गावात हे बोलायची सोय नाही. ऑगस्ट 2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. माझं एक गिऱ्हाइक, लग्नाचे फोटो काढतो, स्टुडिओ तळमजल्यावर. 2005 चा पूर बघितलेला माणूस, त्यामुळे तेव्हाच्या पाण्याच्या खुणेच्या वर फळी मारून त्यावर चौदा हार्डडिस्क ओळीने ठेवलेल्या, प्रत्येकीवर स्केचपेनने लग्नाची नावं आणि तारखा. पाणी खुणेच्या वर गेलं. ओसरल्यावर आम्ही शटर उचललं तर फळी तिरकी लोंबकळत होती आणि डिस्क खाली चिखलात, बादलीत काढून धुवायची पण भीती. नावं पुसून गेलेली. पुण्याच्या रिकव्हरीवाल्याकडे पाठवल्या, तीन परत आल्या. एका नवरीच्या आईने दुकानात येऊन एवढंच विचारलं, ‘म्हणजे आता काहीच नाही?’, आणि हा खाली बघत उभा. त्या अकरा बुडालेल्या डिस्कमधलं एकच लग्न वाचलं, का, तर नवऱ्याचा भाऊ दुबईला, त्याने फोटो मागितले म्हणून ह्याने कटकट करत का होईना ते पूर्ण फोल्डर गूगल ड्राइव्हवर चढवून लिंक पाठवली होती, आणि नंतर डिलीट करायचा कंटाळा केला होता.

पूर सोडा. बॅकब्लेझ नावाची कंपनी आपल्या लाखो डिस्कपैकी किती मेल्या ते दर तिमाहीला छापते, वर्षाला साधारण दीड टक्का जातात, त्याही एसीत, रॅकवर स्थिर बसलेल्या. आपली कपाटात स्वेटरखाली असते, पोरगं ओढतं, पडते, आणि तीन वर्षांनी लावल्यावर टक टक आवाज काढते.

बरं, म्हणून क्लाउडवर टाकलं की कायमचं तरलं, असंही नाही हां, हा उलटा फॉरवर्ड पण फिरतोच. 10 मार्च 2021 ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर जळून गेलं, आणि ज्यांनी बॅकअपही तिथेच ठेवला होता त्यांचं सगळं गेलं. मे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर ह्या पेन्शन फंडाचा गूगल क्लाउडवरचा डेटा एका चुकीच्या सेटिंगमुळे उडाला, सहा लाखांवर सभासदांना आठवडाभर आपलं खातं दिसेना. त्यांना हात दिला कशाने, तर दुसऱ्या कंपनीकडे पण बॅकअप ठेवलेला होता. आणि घरगुती पातळीवर बघायचं तर सिंक, म्हणजे फोनवर आणि क्लाउडवर सगळं सारखं ठेवणं, हा बॅकअप नव्हे. गूगल फोटोजमधून तुम्ही जागा करायला फोटो उडवला की तो सगळीकडून उडतो, कचरापेटीत 60 दिवस, मग राम राम. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने रूढ केलेला साधा हिशोब आहे, तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक गावाबाहेर. म्हणजे हार्डडिस्क पण घ्या, काका, मी विकतो.

भाड्याबद्दल मात्र मेसेजवाल्याचं दुखणं मला कळतं. गूगल फोटोजने आधी अमर्याद फुकट म्हणून सवय लावली आणि 1 जून 2021 पासून 15 जीबीत मोजायला सुरुवात केली. कंपन्यांचं तर विचारू नका, बाहेर डेटा काढायचे वेगळे पैसे, आणि काम रोज सारखंच असेल तर स्वतःची मशीनं स्वस्त पडतात, ड्रॉपबॉक्सने 2016 च्या आसपास आपला बहुतेक डेटा ॲमेझॉनवरून स्वतःच्या मशीनवर नेला आणि दोन वर्षांत सात कोटी डॉलरच्या वर वाचवले. मी स्वतः एकदा टेस्टिंगला घेतलेलं मोठं मशीन शुक्रवारी बंद करायचं विसरलो, नंतर गणपतीत घरी गेलो, आलो तर साडेअकरा हजारांचं बिल. कार्यालयाची किल्ली परत केली नाही तर भाडं चालूच राहणार, ह्यात मालकाची काय चूक.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, दोन अंगठे आले. रविवारी काकांकडे गेलो तर म्हणाले, ‘अरे पण मी काय त्या क्लाउडमध्ये नाही, मला काय फरक पडतो.’ म्हटलं, मोबाइल द्या जरा. व्हॉट्सॲप, सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप. शेवटचा बॅकअप आठ महिन्यांपूर्वीचा, गूगल अकाउंटवर, त्यानंतर रोज फेल, कारण 15 जीबी भरलेले. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

‘म्हणजे माझं सगळं तिकडेच चाललं होतं?’

‘चाललं होतं. आठ महिने तेही नाही. आणि काका, कपाटात दुसरी प्रत कुठाय?’

काकूने आतून विचारलं की नातीच्या बारशाचे फोटो कशात आहेत. बारसं पाच महिन्यांपूर्वी झालं. मी आधी गुड मॉर्निंगचे व्हिडिओ उडवायला घेतले, साडेतीन जीबी तेच निघाले.