नवा डिस्क गोल्फ कोर्स आणि सहाव्या होलची डावी बाजू

टेक्सासमधील ऑस्टिन शहराच्या उत्तरेला आम्ही राहतो त्या गावातील सार्वजनिक उद्यानात या वर्षी डिस्क गोल्फचा नऊ होलचा नवा कोर्स सुरू झाला. तो व्हावा असे म्हणणाऱ्यांपैकी मीही एक होतो आणि तो झाल्याचा मला आनंदच आहे. तरीही सहावे होल आज आहे तसे राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. येथे चेंडूऐवजी प्लास्टिकची डिस्क फेकायची असते आणि जमिनीतील खळग्याऐवजी साखळ्या लावलेली, खांबावरची लोखंडी बास्केट गाठायची असते. फेकण्याच्या जागेपासून बास्केटपर्यंतच्या टप्प्याला ‘होल’ म्हणतात. कमीत कमी फेकींत जो पोहोचेल तो जिंकतो. कॅलिफोर्नियात पॅसाडेनाजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये एड हेड्रिक यांनी १९७५ मध्ये पहिला कायमस्वरूपी कोर्स उभारला आणि साखळ्यांची बास्केटही त्यांचीच कल्पना. (२००२ मध्ये ते वारल्यावर त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थींची राख नव्या डिस्कच्या प्लास्टिकमध्ये मिसळण्यात आली, इतके खेळवेडे गृहस्थ विरळाच.) अमेरिकेतील बहुतेक कोर्स आजही सार्वजनिक उद्यानांत आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांवर खेळायला पैसे पडत नाहीत.

आमच्या कोर्सची आखणी करणाऱ्यांनी लांबलचक होल ठेवण्याचा मोह टाळला, त्याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक केले पाहिजे. बहुतेक होल साठ ते नव्वद मीटरच्या आत आहेत. लांब फेकणाऱ्या तरुणांना ती फारच किरकोळ वाटतात आणि तसे ते उघडपणे बोलतातही. परंतु दहा वर्षांची मुलगी, तिची आई आणि गुडघे दुखणारे शेजारी एकत्र खेळू शकतील असा कोर्स गावाच्या पैशातून व्हावा, हेच मला योग्य वाटते. शिवाय ही होल वाटतात तितकी सोपी नाहीत. तिसऱ्या होलला टी पॅडवरून, म्हणजे पहिली फेक करायच्या जागेवरून, सरळ पाहिले तर बास्केट दिसते, पण मध्ये लाइव्ह ओकच्या झाडाची एक आडवी, जाड फांदी इतकी खाली आली आहे की डिस्क एकतर तिच्याखालून जमिनीलगत न्यावी लागते किंवा उजवीकडून मोठे वळण देऊन आणावी लागते. तेथे ताकदीचा काहीच उपयोग होत नाही, आणि एरवी सर्वांच्या पुढे असणारे खेळाडू त्या फांदीखाली हमखास रेंगाळतात.

आता सहाव्या होलविषयी. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून नेऊन, फेकलेली डिस्क वेग ओसरू लागला की शेवटी डावीकडे झुकते. हा फेकणाऱ्याचा दोष नसून फिरणाऱ्या डिस्कचा स्वभावच आहे. खेळाडूंमध्ये उजव्या हाताने बॅकहँड फेकणारे सर्वाधिक असल्यामुळे कोणत्याही होलची डावी बाजू मोकळी ठेवणे हा आखणीचा पहिला विचार असायला हवा. आमच्या सहाव्या होलच्या नेमक्या डाव्या बाजूने, बास्केटपर्यंत जवळजवळ समांतर, उद्यानाची काँक्रीटची पायवाट जाते. नवशिक्याची डिस्क तर तेथे जातेच, पण मुरलेल्या खेळाडूची डिस्कही वाऱ्याच्या दिवशी तेथेच जाते.

त्या पायवाटेवर सकाळी कोण चालत असते, हे येथील मराठी मंडळींना वेगळे सांगायला नको. भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आपले आई-बाबा आणि सासू-सासरे ऊन चढण्यापूर्वी तेथेच फिरायला जातात. डिस्क चुकीच्या दिशेला गेली की खेळाडू ‘फोर!’ असे ओरडतो; मात्र नाशिकहून आलेल्या सत्तरीच्या आजोबांना त्या आरोळीवर डोके झाकून खाली वाकायचे असते, हे कोणी सांगितलेले असते? उलट आवाज आला म्हणून ते थांबतात आणि वळून तिकडेच पाहतात. शिवाय ही डिस्क म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर खेळायची मऊ तबकडी नव्हे. लांब फेकीसाठीच्या ‘ड्रायव्हर’ प्रकारच्या डिस्कचा व्यास साधारण २१ सेंटिमीटर, वजन १७० ग्रॅमच्या आसपास आणि कड पातळ व टणक असते. ती कपाळावर बसली तर टाके पडू शकतात.

यावर ‘खेळाडूंनी वाट मोकळी होईपर्यंत थांबावे’ असे उत्तर दिले जाते. नियमही तेच सांगतो: आपल्या फेकीने कोणाला इजा होणार नाही याची खात्री झाल्याशिवाय फेकू नये. परंतु रविवारी सकाळी ती वाट कधीच मोकळी नसते, आणि मागे तीन गट खोळंबलेले असताना प्रत्येक जण नियम पाळेल असे गृहीत धरून केलेली आखणी मला आखणी वाटत नाही. माझ्या मते टी पॅड पुढे आणून उजवीकडे फिरवावा, म्हणजे फेकीची रेषाच वाटेपासून दूर जाईल; आणि बास्केट ज्युनिपरच्या झाडांच्या अलीकडे आणावी. फोरहँडने किंवा डाव्या हाताने फेकणाऱ्यांची डिस्क मग उजवीकडे जाईल हे खरे, पण त्या बाजूला कोरडा ओढा आणि चुनखडीचे दगड आहेत, माणसे नाहीत. होल वीस मीटरने कमी झाले तरी चालेल.

जमिनीचाही प्रश्न आहे. ऑस्टिनच्या पीझ पार्कमधील जुना, लोकप्रिय कोर्स २०११-१२ च्या सुमारास बंद झाला. वर्षानुवर्षांच्या वर्दळीने माती घट्ट झाली होती, ओढ्याकाठची जमीन धुपत होती आणि झाडांना त्याची झळ पोहोचत होती. तेथील खेळाडूंना पुढे गेरेरो पार्कमधील कोर्सकडे जावे लागले. आमच्याकडे एका बास्केटभोवतीचे गवत आताच गेले आहे. प्रत्येक होलला बास्केटच्या दोन जागा ठेवून त्या आलटून पालटून वापराव्यात आणि ओकच्या बुंध्यांभोवती लाकडाचा भुसा पसरावा, एवढे तरी पहिल्याच वर्षी करता येईल. त्यासाठी लागणारे श्रमदान खेळाडूंनी करावे. कोर्स फुकट मिळाला आहे, तेव्हा एखाद्या शनिवारी फावडे हाती घेण्यात कोणाची हरकत नसावी.

उद्यान विभागाने नागरिकांच्या सूचना मागवल्या आहेत. मी सहाव्या होलचा आराखडा काढून पाठवणार आहे. येथे राहणाऱ्यांपैकी जे खेळत नाहीत, पण त्या पायवाटेवरून रोज चालतात, त्यांनीही जरूर लिहावे. आतापर्यंत बहुधा फक्त खेळाडूंनीच लिहिले असेल, आणि त्यातले निम्मे तरी होल लांब करा असेच म्हणत असतील.