‘चेरोकी चॉकलेट’ म्हणजे जास्त पिकलेला ‘चेरोकी पर्पल’ नव्हे

गोव्यात परसबाग करणाऱ्यांमध्ये सध्या फिरणाऱ्या संदेशात ‘चेरोकी चॉकलेट’ हा टोमॅटो म्हणजे जास्त पिकलेला ‘चेरोकी पर्पल’च, असे सांगितले जाते, ते खरे नाही. १९९० मध्ये अमेरिकेच्या टेनेसी राज्यातून आलेल्या बियाण्यामुळे पर्पल प्रसिद्धीस आला आणि पुढे त्याच्यातूनच उत्परिवर्तनाने चॉकलेट निपजला. दोघांचा गर सारखाच असून फरक सालीत आहे: पर्पलची साल पारदर्शक, तर चॉकलेटची पिवळी, म्हणून तो तपकिरी दिसतो. शंका असल्यास फळ क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवावे, साल सोलून उजेडासमोर धरावी. चवीवरून ठरवू नये (सारात तर मुळीच कळणार नाही). पावसाळा सरल्यावर लावलेल्या पर्पलच्या झाडावर फळ कितीही दिवस राखले, तरी ते मऊ पडेल, साल पिवळी होणार नाही.