आधी जेवून घ्या

आज दुसरा शनिवार. बँकवाल्यांच्या घरात दुसरा शनिवार म्हणजे काय असतो ते वेगळं सांगायला नको. २०१५ च्या सप्टेंबरपासून दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी मिळायला लागली, तेव्हापासून आमच्याकडची दातदुखी, मुलगी बघायला जाणं, गिरणी, सगळं त्याच दोन दिवसांत कोंबलेलं असतं. तर आजचा शनिवार वरच्यांनी काढून घेतला. कशासाठी? 'प्रभावी नेतृत्व आणि ताणतणाव व्यवस्थापन' या कार्यशाळेसाठी. ताण कसा घालवायचा हे शिकवायला सुट्टी घालवली. सर्क्युलरवर जाड अक्षरात 'उपस्थिती अनिवार्य'. हे घरी म्हणाले, "मग जा की, निवांत एसी हॉलमध्ये बसायचंय." सकाळी साडेसहाच्या एसटीत दाराजवळ उभं राहून सोलापूर गाठलं, तेवढा निवांतपणा मिळाला.

प्रशिक्षक पुण्याहून आलेले. उन्हाळ्यात कोट. पाण्याचा ग्लास हातात धरला आणि विचारलं, "याचं वजन किती?" शेजारच्या मॅडम माझ्या कानाला लागल्या, "आता म्हणेल, वजनाचं काही नाही, किती वेळ धरलाय ते महत्त्वाचं." त्यांनी तेच म्हटलं. हा ग्लास आम्ही तीन ट्रेनिंगांत बघितलाय. दर वेळी कोणीतरी पुढच्या रांगेतून "वा!" म्हणतं.

मग डोळे मिटून खोल श्वास. चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. बीपीची गोळी चालू आहे, श्वासाला नावं ठेवणारी मी नव्हे.

मग आले नेत्याचे गुण. समानुभूती, पारदर्शकता, दूरदृष्टी, ऐकून घेण्याची क्षमता, प्रत्येकाला एकेक चित्र. आणि मग त्यांनी सतीश धवनांची गोष्ट सांगितली. तुम्हाला माहीतच असेल. १९७९ च्या ऑगस्टमध्ये एसएलव्ही-३ या रॉकेटचं पहिलं उड्डाण फसलं, यान समुद्रात गेलं. मोहिमेचे प्रमुख कलाम होते, पण पत्रकारांसमोर अपयश अंगावर घ्यायला इस्रोचे अध्यक्ष धवन स्वतः पुढे आले. पुढच्या वर्षी जुलैमध्ये यश मिळालं, तेव्हा मात्र पत्रकारांपुढे कलामांना धाडलं. टाळ्या. पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या रिजनल ऑफिसच्या साहेबांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

एक वाजून दहा मिनिटं. ताटात पोळी घेतली आणि फोन वाजला. त्याच रिजनल ऑफिसमधून. "मॅडम, तुमच्या शाखेच्या या महिन्याच्या विमा पॉलिसी शून्य कशा?" मी म्हटलं, "सर, मी तुमच्याच ट्रेनिंगला आहे, ताण घालवतेय." पलीकडून गंभीर आवाजात, "ते ठीक आहे, पण दोनपर्यंत आकडा कळवा." शनिवारी. सुट्टीच्या दिवशी. शाखेला कुलूप. कोणाला विकू पॉलिसी, दारातल्या कुत्र्याला?

तेव्हाच मला आमचे जुने साहेब आठवले आणि घास घशाखाली जाईना.

२०१६ चा नोव्हेंबर. मी तेव्हा तालुक्याच्या शाखेत कॅशला होते. मंगळवारी रात्री आठला नोटबंदी जाहीर झाली, बुधवारी बँक बंद, गुरुवारी सकाळी शटर अर्धं वर केलं तर बाहेर अख्खा बाजार उभा. ४,००० रुपयांच्या नोटा बदलून मिळणार होत्या. पुढं ते ४,५०० झाले, मग २,०००, मग बदलणंच बंद. रोज संध्याकाळी नवीन नियम यायचा आणि सकाळी तो लोकांना समजावत शिव्या खायच्या आम्ही. एटीएमच्या कप्प्यात नवी दोन हजारची नोट बसेना म्हणून तेही बंद. सगळा गाव काउंटरवर. आमच्या शाखेत कॅशला मी एकटी. काउंटर दोनवाली बाळंतपणाच्या रजेवर.

साहेब स्वतः काउंटर दोनवर येऊन बसले. मॅनेजर. नाकावर चष्मा, ओल्या स्पंजच्या डबीत अंगठा बुडवून नोटा मोजत, शंभर झाल्या की पाकीट बांधायचं. मधेच उठून शटरपाशी जाऊन रांग लावायची. एक दिवस त्या रेटारेटीत त्यांच्या शर्टाचा खिसा उसवला, लोंबत होता, तसाच दिवसभर. नोटा बदलणाऱ्याच्या बोटाला शाई लावायचा हुकूम आल्यावर ती बाटलीही यांच्याकडेच. संध्याकाळी स्वतःची दहाही बोटं निळी.

आणि फोन. रिजनल ऑफिसला दर दोन तासांनी आकडा हवा. किती नोटा आल्या, किती बदलल्या, किती माणसं. काउंटरवरून उठून कोण सांगणार? दुपारी तीनला आम्ही स्ट्राँगरूमसमोरच्या बाकड्यावर डबे उघडले तेव्हा पुन्हा वाजला. साहेबांनी उचलला आणि म्हणाले, "माणसं जेवतायत. अर्ध्या तासानं करा." आणि रिसीव्हर खाली ठेवला नाही, टेबलावर आडवा ठेवून दिला. त्यातून पाठीवर पडलेल्या माशीसारखी गुणगुण येत होती आणि आम्ही शेंगाचटणी-भाकरी खात होतो. आयुष्यात त्या भाकरीइतकी गोड भाकरी नाही खाल्ली मी.

कार्यशाळेतल्या पडद्यावर हा गुण नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, बँक काय धर्मादाय आहे का, धंदा नको का करायला. करा की. पीककर्जाच्या दिवसांत रात्री नऊपर्यंत बसतो, कधी कुरकूर केली? कामाचा ताण येत नाही हो आम्हाला. काम करायला देत नाहीत त्याचा येतो. एका ग्राहकाचं खातं उघडत असताना चार ग्रुपवर सहा मेसेज, त्यात लाल रंगात 'आजच्या शून्य शाखा' अशी यादी. शाळेत बाकावर उभं करायचे तसं. कुणी म्हणतं आठवड्याला ७० तास काम करा, कुणी म्हणतं ९०. अहो, तासांना कोण भितं? पुण्यात २०२४ मध्ये २६ वर्षांची सीए मुलगी नोकरी लागल्यावर चार महिन्यांत गेली. तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखाला लिहिलेलं पत्र माझ्या मुलीनं मला पाठवलं होतं. ऑफिसातलं कोणी अंत्यविधीलाही आलं नाही, असं त्यात होतं. माझी मुलगीही पुण्यातच, तसल्याच काचेच्या इमारतीत. ते पत्र मी दोनदा वाचू शकले नाही.

आजच्या एका स्लाइडवर होतं की जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची नोंद घेतली. कामाच्या जागचा ताण नीट हाताळला न गेल्यानं होतो तो. कामाच्या जागचा! वाचून दाखवलं आणि लगेच पुढच्या स्लाइडवर आम्हाला नाकपुडी दाबायला लावली.

बरं, साहेब देव नव्हते. तापट होते. एका म्हाताऱ्याला रांग मोडली म्हणून असे ओरडले की मलाच रडू आलं. कॉम्प्युटरचा पासवर्ड कॅलेंडरवर लिहून ठेवायचे. वसुलीत शाखा कायम तळाला. आजच्या काळात टिकले असते का? नसतेच टिकले.

पण ती रात्र सांगते. शाईच्या आठवड्यातलीच. कॅश जुळवायला बसलो तर १४,००० कमी. दोन हजारच्या सात नोटा. नवी कोरी नोट, एकीला एक चिकटून गेली असेल, कुणाला दिली गेली असेल, देव जाणे. माझे हात थरथरायला लागले. साहेब म्हणाले, "आधी जेवून घ्या." शिपायाला पाठवून भजी-पाव आणला. कसं झालं, कुठं लक्ष होतं, एक शब्द नाही. मग साडेअकरापर्यंत माझ्याबरोबर एकेक व्हाउचर तपासलं. नाही सापडले. ते १४,००० मी भरले, नियमच आहे कॅशियरनं भरायचा. साहेबांनी भरले नाहीत, हेही लिहिते, नाहीतर उद्या कोणीतरी कमेंटमध्ये त्यांचा पुतळा उभारायला निघेल.

आठवड्यानं स्पष्टीकरण मागणारं पत्र आलं. माझ्या नावानं. साहेबांनी उत्तर स्वतःच्या हातानं लिहिलं आणि पाठवायच्या आधी मला वाचायला दिलं. दुसरा कॅशियर आपण लेखी मागितला होता, मिळाला नाही, या परिस्थितीत जबाबदारी शाखा व्यवस्थापकाची. खाली सही. त्यांना धवन माहीत होते की नाही कोण जाणे. मार्चनंतर त्यांची बदली झाली, लांब. त्या पत्रामुळेच झाली असं मी म्हणत नाही. तुम्ही बँकेत असाल तर तुम्हीच ठरवा.

रागात लिहायला बसले होते. एसटीत सगळं जुळवलं होतं, रिजनल ऑफिसला कसं कसं झोडायचं ते. पण त्या फोन करणाऱ्या पोरालाही वरून कोणीतरी दोनचा आकडा मागितला असणार, त्याच्या वरच्याला मुंबईहून, मुंबईला दिल्लीहून. मान्य. आणि खरी गोष्ट सांगायची तर मी आता कॅशियर नाही. शाखेत दुसऱ्या नंबरची खुर्ची माझी आहे. परवा रात्री पावणेअकराला ती लाल यादी आली आणि मी ती जशीच्या तशी आमच्या शाखेच्या ग्रुपवर ढकलली. वर माझ्या हातानं लिहिलं, 'उद्या सकाळी मला उत्तर हवं.' आमच्याकडे नवीन पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर, आलाय, बिहारचा, २४ वर्षांचा. खोली भाड्याची, मेस आठला बंद होते. मराठी शिकतोय, 'ळ' म्हणता येत नाही म्हणून लोक हसतात. त्यानं पावणेअकरालाच उत्तर दिलं, 'येस मॅम.' एका मिनिटात. म्हणजे फोन हातातच होता पोराच्या.

आता घरी आल्यावर त्याला फोन केला. विचारलं, "अरे, जेवलास का?"

तो दोन सेकंद गप्प. मग म्हणाला, "हो मॅडम. तो विमा का डेटा अभी भेजू का?"