‘लँडस्केपसाठी वाइड लेन्सच हवी’ : एक प्रतिवाद

निसर्गदृश्यांसाठी १६ मिमीच्या आसपासची, रुंद दृश्य टिपणारी वाइड लेन्सच घ्यावी, दूरचे मोठे दाखवणारी टेलिफोटो पक्ष्यांसाठी ठेवावी, कारण तिने दृश्य चपटे होते, आणि सगळे शार्प येण्यासाठी ॲपर्चर, म्हणजे लेन्सचे छिद्र, एफ/२२ इतके बारीक ठेवावे, असा सल्ला नवख्यांना सर्रास दिला जातो.

यातले पहिले विधान सह्याद्रीतच सर्वाधिक फसते. कळसूबाईच्या माथ्यावरून अलंग, मदन, कुलंग पाहताना डोळा त्या सुळक्यांवर खिळतो. वाइडच्या फोटोत मात्र ते रेघेएवढे उरतात. याचे कारण साध्या गणितात आहे. १० किलोमीटरवरचा ५०० मीटर उठावाचा डोंगर फुलफ्रेम (३६×२४ मिमी) सेन्सरवर १६ मिमी लेन्सने जेमतेम ०.८ मिमी उंच उमटतो, तर २०० मिमीने १० मिमी, म्हणजे आडव्या चौकटीच्या उंचीचा सुमारे ४० टक्के भाग तो व्यापतो. उलट हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आपल्या पायांपासूनच वळत जात असल्याने तिथे वाइडला पर्याय नाही. एप्रिल-मेच्या धुरकट हवेत टेलिफोटो निरुपयोगी ठरते, हेही मान्य करायला हवे.

दृश्य चपटे होण्याचा दोष लेन्सचा नाही. परस्पेक्टिव्ह, म्हणजे जवळच्या-दूरच्या गोष्टींच्या आकारांचे प्रमाण, ठरतो तो आपण कुठे उभे आहोत यावर. त्याच जागेवरून वाइडने काढलेल्या फोटोचा मधला तुकडा क्रॉप केला, तर डोंगरांच्या रांगा तितक्याच जवळ आलेल्या दिसतात. कास पठारावर तर हा ‘चपटेपणा’ वरदानच आहे, कारण वाटेवरूनच टेलिफोटो लावली की तेरड्याचे विरळ ताटवे एकमेकांवर चढून गालिचा दिसतो. वाइडसाठी मात्र फुलांपासून वीतभर अंतरावर जावे लागते, आणि त्या हव्यासात पठार तुडवले जाते. हा सल्ला मला खटकतो तो मुख्यतः इथे.

एफ/२२ चे म्हणाल, तर विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, प्रकाशबिंदूची चकती तिथे सुमारे ३० मायक्रॉनची होते; २४ मेगापिक्सेल फुलफ्रेमचा पिक्सेल असतो जवळपास ६ मायक्रॉनचा. त्यामुळे सगळेच किंचित मऊ पडते. २४ मिमी लेन्सवर एफ/११ ठेवून पावणेदोन मीटरवर फोकस केला, तरी सुमारे ९० सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत स्पष्टता मिळते. ‘अमेरिकी निसर्गछायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स तर एफ/६४ वापरत’ हा दाखला इथे गैरलागू आहे, कारण त्यांच्या ८×१० इंची फिल्मवरच्या एफ/६४ ला फुलफ्रेमवरच्या साधारण एफ/९ एवढीच स्पष्टतेची खोली मिळते.