'कासाब्लांका'मधलं राजकारण कुणी मागाहून चिकटवलेलं नाही

जुन्या हॉलिवूड सिनेमांवरच्या चर्चांमध्ये एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा : 'कासाब्लांका' (1942) ही निव्वळ प्रेमकथा, मोरोक्कोतल्या कासाब्लांका शहरात मद्यालय चालवणारा अमेरिकन रिक, त्याची जुनी प्रेयसी इल्सा आणि तिचा नाझीविरोधी लढवय्या नवरा लास्लो यांची. पटकथा अपुरी असताना शूटिंग सुरू झालं, इल्सा कुणाबरोबर जाणार हे शेवटच्या दिवसापर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. मग दोस्त राष्ट्रांच्या फौजा मोरोक्कोत उतरल्या, योगायोगाने सिनेमाला राजकीय वजन आलं, आणि 'रिक म्हणजे अमेरिका' वगैरे प्रतीकं समीक्षकांनी नंतर शोधून काढली. यातलं पटकथेबद्दलचं विधान खरं आहे. बाकीचं तपासायला घेतलं की टिकत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

'शेवट कुणालाच ठाऊक नव्हता'

सिनेमा मरे बर्नेट आणि जोन ॲलिसन यांच्या, रंगमंचावर न आलेल्या नाटकावर आधारलेला आहे. वॉर्नर ब्रदर्सने त्याचे हक्क 20,000 डॉलरला घेतले. त्या नाटकातही रिक नायिकेला लास्लोबरोबर पाठवतो आणि स्वतः मागे राहतो. शिवाय त्या काळी हॉलिवूडवर जोसेफ ब्रीन यांच्या कार्यालयाचा नीतिसंहितेचा पहारा होता. विवाहित स्त्री नवऱ्याला सोडून प्रियकराबरोबर निघून जाते आणि सिनेमा त्याला आनंदी शेवट म्हणतो, हे त्या कार्यालयाने कधीच मंजूर केलं नसतं. म्हणजे 'काय होणार' याला पर्याय फारसा नव्हताच. ज्युलियस आणि फिलिप एप्स्टाइन हे जुळे भाऊ, हॉवर्ड कॉच आणि श्रेयनामावलीत नाव नसलेले केसी रॉबिन्सन या पटकथाकारांची खरी झटापट होती ती 'हे पटेल कसं' यासाठी.

मग ही दंतकथा आली कुठून? इल्साचं काम करणाऱ्या इन्ग्रिड बर्गमन यांच्या आठवणीतून. आपण नक्की कुणावर प्रेम करतो हे त्यांनी विचारलं, तेव्हा स्पष्ट उत्तर मिळालं नाही, असं त्या सांगत. हे अगदी शक्य आहे, कारण संवादांची पानं शूटिंग चालू असतानाच येत होती. पण चित्रीकरण 25 मे ते 3 ऑगस्ट 1942 असं झालं आणि विमानतळावरचे शेवटचे प्रसंग जुलैच्या मध्यावरच घेतले गेले. 'शेवटचा दिवस' हा तपशील तर सरळ चुकीचा आहे. 'ही एका सुंदर मैत्रीची सुरुवात आहे' हे रिकचं शेवटचं प्रसिद्ध वाक्य मात्र खरोखरच नंतरचं आहे. निर्माते हॅल वॉलिस यांनी ते शूटिंग संपल्यावर रिकचं काम करणाऱ्या हम्फ्री बोगार्टच्या आवाजात वेगळं ध्वनिमुद्रित करून घेतलं.

'राजकीय वजन योगायोगाने आलं'

इथे तारखा ओळीने मांडल्या की पुरे. बर्नेट 1938 मध्ये व्हिएन्नाला गेले होते. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यानंतर ज्यूंची काय अवस्था झाली ते त्यांनी तिथे पाहिलं. नाटक 1940 मध्ये लिहून झालं. ते स्टुडिओत पोचलं 8 डिसेंबर 1941 ला, म्हणजे अमेरिकेला युद्धात ओढणाऱ्या, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्याच महिन्याच्या 31 तारखेला वॉलिस यांनी सिनेमाचं नाव 'कासाब्लांका' ठरवलं. फौजा मोरोक्कोत उतरल्या 8 नोव्हेंबर 1942 ला, शूटिंग संपून तीन महिने झाल्यावर.

योगायोगाचा फायदा स्टुडिओने घेतला, हे खरं. न्यूयॉर्कमधलं पहिलं प्रदर्शन घाईने 26 नोव्हेंबरला ठेवलं. सार्वत्रिक प्रदर्शन 23 जानेवारी 1943 ला झालं, तेव्हा रूझवेल्ट आणि चर्चिल यांची परिषद त्याच शहरात चालू होती. पण फौजा उतरल्याचा प्रसंग शेवटी जोडण्याची कल्पना पुढे आली आणि बारगळली, सिनेमा होता तसाच बाहेर पडला. तारखेने प्रसिद्धी दिली, आशय नाही.

'मग हा सरकारी प्रचारपट असणार' असं दुसऱ्या टोकाचं उत्तरही काहीजण देतात. तेही बरोबर नाही. प्रचार पाहणारं युद्ध-माहिती कार्यालय जून 1942 मध्ये स्थापन झालं, तोवर कॅमेरा फिरत होता. आणि अमेरिकेचे त्या काळात जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या सरकारशी, म्हणजे पेतांच्या विशी सरकारशी, राजनैतिक संबंध होते; 1942 च्या मेपर्यंत विशीला अमेरिकेचा राजदूत होता. हा सिनेमा विशीला उघड झिडकारतो. म्हणून विशीच्या समर्थकांना राग येईल या भीतीने त्याच कार्यालयाने तो उत्तर आफ्रिकेत पाठवू दिला नाही. सरकारच्या धोरणापुढे पाऊल टाकणारा सिनेमा होता हा.

'रिक म्हणजे अमेरिका, ही समीक्षकांची ओढाताण'

हे विधान ज्याने लिहिलं त्याने संवाद नीट ऐकलेले नाहीत. चोरट्या कागदपत्रांचा दलाल युगार्ते याला पकडणार असल्याचं कासाब्लांकाचा विशी पोलीस-प्रमुख रेनो सांगतो, तेव्हा रिक म्हणतो की मी कुणासाठी मान पुढे करत नाही. त्यावर रेनो म्हणतो, शहाणपणाचं परराष्ट्र धोरण! पुढे दुसऱ्या मद्यालयाचा मालक फेरारी रिकला सुनावतो की आजच्या जगात अलिप्ततावाद हे व्यवहार्य धोरण राहिलेलं नाही. मद्यालयाच्या मालकाच्या स्वभावाला पटकथाच परराष्ट्र धोरण म्हणते आहे, त्यात समीक्षकांना शोधायला काही उरलंच नाही.

त्यात तारीख मिळवा. रिक पहिल्यांदा दिसतो तेव्हा त्याच्या हातून सही होणाऱ्या कागदावर 2 डिसेंबर 1941 अशी तारीख आहे. त्याच रात्री दारूच्या अमलाखाली तो आपल्या पियानोवादक सॅमला म्हणतो की आत्ता न्यूयॉर्क झोपलेलं असेल, सगळी अमेरिकाच झोपलेली असेल. पर्ल हार्बर पाच दिवसांवर आहे आणि प्रेक्षकाला ते माहीत आहे. शेवटी लास्लो रिकला लढ्यात परत आल्याबद्दल स्वागताचे शब्द ऐकवतो. 'परत' या शब्दाचा आधार रिकच्या पूर्वेतिहासात आहे : 1935 मध्ये इथिओपियाला शस्त्रं, 1936 मध्ये स्पेनमध्ये फ्रँकोविरुद्ध लढाई.

रेनोने 'विशी' नावाच्या पाण्याची बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकून डबा लाथाडणं तर शाळकरी मुलालाही कळेल. त्याहून महत्त्वाची जोडी सुरुवातीलाच आहे. कागदपत्रं नसलेला माणूस पळताना पेतांच्या भित्तिचित्राखाली गोळी लागून कोसळतो. चित्रावर आश्वासनं पाळण्याची भाषा आहे आणि मेलेल्या माणसाच्या हातात लोरेनचा क्रूस हे चिन्ह असलेलं मुक्त फ्रान्सचं, म्हणजे द गॉल यांच्या विशीविरोधी चळवळीचं, पत्रक. तोच क्रूस पुढे भूमिगत चळवळीतल्या बर्गरच्या अंगठीत लपलेला सापडतो.

'मार्सेएजचा प्रसंग फक्त अंगावर काटा आणण्यासाठी'

मार्सेएज हे फ्रान्सचं राष्ट्रगीत. काटा येतोच, पण रचना पाहा. रिकच्या मद्यालयात जर्मन अधिकारी पियानोभोवती 'वाख्त आम राइन' गातात. वॉलिस यांना इथे नाझी पक्षाचं 'होर्स्ट वेसेल' गीत हवं होतं. स्वामित्वहक्काच्या अडचणीमुळे ते वगळलं आणि ऱ्हाइन नदीवरून फ्रान्सशी असलेल्या जुन्या वैराचं, 1840 च्या कवितेवरचं गाणं आलं. लास्लो वाद्यवृंदाला मार्सेएज वाजवायला सांगतो. वादक रिककडे पाहतात. रिक मान हलवतो. कथानक इथे वळतं : कुणासाठीही मान पुढे न करणाऱ्या माणसाची पहिली राजकीय कृती म्हणजे ती होकाराची मान. परिणामही लगेच होतो, रेनो जुगाराचं निमित्त काढून जागा बंद करतो.

गाणाऱ्यांमध्ये इव्हॉन आहे, जी आधी जर्मन अधिकाऱ्याबरोबर आली होती. ती भूमिका करणारी मादलेन लबो स्वतः 1940 मध्ये पती मार्सेल दालिओबरोबर फ्रान्समधून निसटली होती. दालिओ या सिनेमात जुगाराच्या टेबलावर दिसतो. जर्मन मेजर स्ट्रासरचं काम करणाऱ्या कॉनराड फाइट यांनी ज्यू पत्नीसह 1933 मध्येच जर्मनी सोडली होती. इव्हॉनच्या डोळ्यांतलं पाणी फक्त दिग्दर्शक मायकेल कर्टिझचं कौशल्य नव्हतं.

राजकारण काढून पाहिलं तर?

हा प्रयोग खरोखर झालेला आहे, आणि आमच्या मते सगळ्यात बळकट पुरावा हाच. 1952 मध्ये पश्चिम जर्मनीत डब केलेल्या आवृत्तीतून नाझी हटवले. मेजर स्ट्रासर गेला, मार्सेएज गेलं, सुमारे 25 मिनिटं कापली गेली. लास्लोचा नॉर्वेजियन अणुशास्त्रज्ञ झाला, 'डेल्टा किरण' शोधणारा. प्रेमकथा तशीच ठेवली, पण इल्साला त्याच्याबरोबर का पाठवायचं याचं कारण नाहीसं झालं आणि त्या जागी किरणांची भाकडकथा बसवावी लागली. मूळ आशयाची जर्मन आवृत्ती 1975 मध्ये आली. तटस्थ आयर्लंडने तर 1943 मध्ये तटस्थतेच्या कारणावरून सिनेमावर बंदीच घातली. युद्ध संपल्यावर परवानगी दिली, तेव्हा कात्री चालली प्रेमाच्या संवादांवर.

राजकीय वाचनाचीही एक चूक

प्रतीकं मान्य करणारे बरेचदा तिथेच थांबतात. मोरोक्को ही फ्रान्सच्या ताब्यातली भूमी होती. स्वातंत्र्याचं गाणं तिथे राज्यकर्त्यांचं आहे आणि मोरोक्कन माणसं बाजारातल्या गर्दीपुरती उरतात. मानवी जीवांचा व्यापार करत नाही असं रिक सॅमबद्दल फेरारीला ठणकावतो, तरी इल्सा त्या प्रौढ वादकाचा उल्लेख 'पोरगा' म्हणून करते. शूटिंग 3 ऑगस्टला संपलं आणि 8 ऑगस्ट 1942 ला मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला. आपल्याकडच्या प्रेक्षकाला हा सिनेमा कुणाच्या स्वातंत्र्याबद्दल बोलतो हा प्रश्न विचारावाच लागेल.

अभ्यास करायचा असेल तर

पहिल्यांदा 102 मिनिटं सलग पाहा, काही लिहू नका. दुसऱ्यांदा वहीत चार रकाने आखा : वस्तू किंवा गाणं, ते कुणाकडे आहे, आधी काय घडलं, नंतर कुणाचा निर्णय बदलला. चौथा रकाना रिकामा राहिला तर ती सजावट समजा. विमानतळाच्या दिव्याचा झोत खिडकीवरून फिरतो तो या कसोटीत बसत नाही; बाटली, अंगठी, होकाराची मान बसतात. हा रकाना नसला की प्रत्येक सावलीत हुकूमशाही दिसू लागते.

उपशीर्षकांवर आंधळा विश्वास नको. कासाब्लांकातून बाहेर पडण्यासाठी ज्यांच्यामागे सगळे आहेत त्या पारपत्रांवर कुणाची सही आहे हे युगार्ते सांगतो, तिथे काही प्रतींत द गॉल आहे, काहींत वेगाँ. द गॉल यांना विशीने ऑगस्ट 1940 मध्ये गैरहजेरीत मृत्युदंड ठोठावला होता, त्यामुळे त्यांची सही कासाब्लांकात दाखवणारा थेट तुरुंगात गेला असता. वेगाँ 1941 च्या नोव्हेंबरपर्यंत उत्तर आफ्रिकेतले विशीचे प्रतिनिधी होते, त्यांचं नाव परिस्थितीला जुळतं. आणि त्या पारपत्रांना इतिहासाचा पुरावा मानून टिपण लिहू नका. कुणी रद्द करू शकणार नाही, प्रश्न विचारू शकणार नाही अशी कागदपत्रं प्रत्यक्षात नव्हतीच, ती नाटककारांनी रचली.