मे संपेपर्यंत त्या बेटांवर उतरू नका

सकाळी एका ग्रुपवर व्हिडिओ आला. उजनी धरणाच्या पाण्यातलं वाळूचं बेट, पाच-सहा पोरं, बर्थडे केक, स्पीकरवर गाणी. वर नदी सुरय जिवाच्या आकांतानं ओरडत घिरट्या घालतायत आणि खाली कमेंट, 'पक्षी पण नाचायला आले'. नाचायला? अरे, तुमच्या पायाशी त्यांची अंडी आहेत!

करमाळा तालुक्यात माझं आजोळ. मामा मासेमारी करतात. एका एप्रिलात होडीतून घेऊन गेले, पण बेटावर उतरू दिलं नाही. 'इथनंच बघ' म्हणाले. मला नुसती वाळू दिसत होती. बऱ्याच वेळानं दिसला एक उथळ खळगा, त्यात तीन अंडी, मातकट, तपकिरी ठिपक्यांची. ना काडी, ना गवत. घरटं म्हणजे एवढंच.

सुरय पोट पाण्यात भिजवून येतो आणि अंड्यांवर बसतो, ती गार राहावीत म्हणून. आपल्याकडचं ऊन काय असतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. तुम्ही अर्धा तास केक कापत बसलात की तो वरच ओरडत राहतो आणि खाली अंडी शिजतात. दगड मारायची गरजच नाही.

वेंगुर्ल्याजवळच्या बर्न्ट आयलंडवरही सुरयांची वसाहत आहे, वेगळ्या जातीच्या. तिथं निदान समुद्र माणसाला अडवतो. इथं पाणी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं, मग कुत्रीसुद्धा चालत पोचतात.

हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, आले की आपण सगळे फोटो टाकून मिरवतो. रोहित पाहुणे आहेत हो! सुरयांचं बाळंतपण इथं होतं, तेही ऐन उन्हाळ्यात, आणि तेव्हा कुणी फिरकत नाही. फिरकलं तर हे असं. आणि नुसतं अभयारण्य जाहीर करूनही भागत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला 1979 साली माळढोकासाठी अभयारण्य झालं. आज माळढोक दाखवा बरं मला तिथं.

मे संपेपर्यंत त्या बेटावर जाळी वाळत घालायची नाही, हे मामांच्या घरात ठरलेलं आहे. त्यांना कुणी कायदा शिकवला नव्हता. कायदा आहेच, वन्यजीव संरक्षणाचा, 1972 पासून. रानपक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं हीसुद्धा त्यात शिकारच धरलीय. वनखात्यानं मार्च ते मे काठावर एक पाटी लावावी, होडीवाल्यांना सांगावं. एवढं जमत नाही?

उन्हाळ्यात पोरांनी जायचं तरी कुठं, हे कबूल. काठावर बसा की, काठ केवढा पडलाय.

खरं तर त्या पोरांना कुणी सांगितलंच नसेल. मला तरी मामांमुळेच कळलं. ओळखीतलं कुणी असेल तर शिव्या घालू नका, फोन करून नीट सांगा, तो व्हिडिओ डिलीट करायला लावा.

आणि बेट कुठलं ते कमेंटमध्ये विचारू नका. सांगणार नाही.