'राम राम' म्हणजे १०८ चा हिशेब नव्हे

घरच्या नाहीतर गावच्या ग्रुपवर हा मेसेज तुम्हालाही आला असेल. 'र' सत्ताविसावं अक्षर, 'आ' दुसरं, 'म' पंचविसावं, बेरीज ५४. दोनदा म्हटलं की १०८, म्हणजे अख्खी जपमाळ. म्हणून पूर्वज 'राम राम' म्हणत, हाच खरा संस्कार, आणि 'कुठे चालले?' वगैरे नुसती बडबड. पाठवणारे आपलेच काका-मामा असतात. तरी मला यातलं काहीच पटत नाही.

आधी बेरीज. 'र' आणि 'म' मोजताना 'क' पासून सुरुवात केली आहे आणि 'आ' साठी 'अ' पासून. दोन वेगळ्या रांगांचे क्रमांक एकत्र मिळवले आहेत. 'अ' ते 'अः' हे बारा स्वर आधी धरून एकाच रांगेत मोजलं, तर 'र' येतो ३९ वा आणि 'म' ३७ वा. बेरीज ७८, दुप्पट १५६. मेसेजचीच रीत ठेवली तरी 'म' मधला 'अ' का सोडला? तो धरला तर ११० होतात. उत्तर आधी ठरवून गणित मांडलं की असंच होतं.

दोनदा का म्हणतात, याला जपमाळ लागत नाही. दारात पाहुणा दिसला की आपण 'या या' म्हणतो, पाठोपाठ आपल्या अहिराणीत 'बठा बठा', म्हणजे 'बसा बसा'. आग्रह, आपुलकी दुहेरी बोलायची ही आपल्या भाषेची सवयच आहे. आणि 'नोकरीला रामराम ठोकला' म्हणताना कोण जप करत असतो?

एकच अभिवादन खरं, हा दावा मला सगळ्यात जास्त खुपतो. कोणी कोणाला काय म्हणायचं, यावर आपल्याकडे जातीचा पहारा होता. मुंबईत १७७९ साली सोनारांना 'नमस्कार' म्हणायला सरकारी बंदी घातली गेली होती. तो शब्द ब्राह्मणांचा, म्हणून. हे माहीत असताना 'जय भीम' म्हणणाऱ्याला संस्कार कोणी शिकवायचे? महानुभावांचं 'दंडवत प्रणाम', वारकऱ्यांचं 'राम कृष्ण हरी', सातपुड्याकडचा 'जोहार', हे सगळं आपल्या खानदेशात रोज कानावर पडतं. त्यात कमी-जास्त काही नाही.

राहिलं 'कुठे चालले?'. मे महिन्यात पारोळ्याच्या अलीकडे एका फाट्यावर मी एसटीची वाट बघत उभा होतो. निंबाखाली एक म्हातारबाबा बसलेले. म्हणाले, "कथा जाई रायना भो?" मी म्हटलं, "धुये", म्हणजे धुळे. "बठ, गाडी येई," म्हणत त्यांनी सरकून सावलीत जागा केली. मी का चाललो, कोणाकडे चाललो, काही विचारलं नाही. मी 'हे काय, इथंच' म्हटलं असतं तरी त्यांना चाललं असतं. त्या प्रश्नाला पत्ता नको असतो. तू दिसलास, मला परका नाहीस, एवढं त्यातून सांगायचं असतं. अशा बोलण्याचं काम माहिती देणं नसून माणसं जोडणं आहे, हे मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ मध्येच मांडलं होतं.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. 'कोन गावना?' नंतर लगेच 'आडनाव काय?' आलं, की पुष्कळदा जात काढायची असते. ते अभिवादन नव्हे, आणि त्याची पाठराखण मी करणार नाही.

बाबांनी आडनाव विचारलं नव्हतं. गाडी आली तेव्हा मी उठलो, त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "राम राम." मीही म्हटलं.